ओवाळणी, रेवडी आणि हिशेब

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी अमरकोश मुखोद्गत करावा लागे. एकाच वस्तूची दहा-दहा, वीस-वीस नावे त्याला पाठ येत. आणि नावे कितीही असली तरी वस्तू एकच, हेही त्याच्या मनावर आपोआप बिंबत असे. पाण्याला जल म्हणा, नीर म्हणा किंवा तोय म्हणा. त्याने तहानच भागावयाची. राजकारणातील पर्यायशब्दांची जात मात्र निराळी आहे. तेथे नाव बदलले की वस्तूच बदलल्याचा भास होतो. आणि नाव ठेवणारा सत्तेच्या बाकावर बसला आहे की विरोधाच्या, ह्यावर ते गोड ठेवावयाचे की कडू, हे ठरते. द्रव्य सरकारी तिजोरीतलेच, घेणारा नागरिकही तोच. पण देणारे आपण असलो की तो 'सन्मान' आणि दुसरा असला की ती 'रेवडी'. गेल्या काही वर्षांत आपल्या महाराष्ट्रात, आणि विशेषतः आपल्या कोल्हापुरात, ह्या पर्यायकोशाचे जे पारायण झाले, ते आज वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे. प्रस्तुत लेखक कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळे उत्तराबरोबर रीतही पाहावयाची खोड लागली आहे, एवढाच काय तो अधिकार.

प्रथम घटनाक्रम पाहू. १६ जुलै २०२२ रोजी उत्तर प्रदेशात बुंदेलखंड द्रुतगती महामार्गाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनी 'रेवडी संस्कृती'पासून देशाने, विशेषतः तरुणांनी, सावध राहावे असे सांगितले. फुकट वाटून मते मिळविण्याची चाल विकासास घातक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विचार म्हणून त्यात वावगे काहीच नाही. मिळकतीबाहेर खर्च करू नये हे तत्त्व कोणत्याही संसारी मनुष्यास पटणारे आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, कर्नाटकात काँग्रेस पाच 'हमी' देऊन सत्तेवर आली. कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २००० रुपये आणि स्त्रियांना राज्याच्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास ह्या त्यांतल्या दोन. ह्या हम्यांनी राज्य बुडेल, असे भारतीय जनता पक्षाचे वक्ते सांगू लागले. परंतु त्याच वर्षी मध्य प्रदेशात त्यांच्याच पक्षाच्या सरकारने 'लाडली बहना' योजना काढली. जूनपासून दरमहा १००० रुपये आणि पुढे काही महिन्यांतच १२५०. वर्षाअखेर तेथील निवडणूक त्या पक्षाने जिंकली. ह्या रकमेला त्या पक्षाच्या कोणी रेवडी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता महाराष्ट्र. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि राज्यातील ४८ जागांपैकी महायुतीला अवघ्या १७ मिळाल्या. त्यानंतर चोवीस दिवसांनी, २८ जून रोजी, त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार ह्यांनी अंदाजपत्रकात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यातील २१ ते ६० वर्षांच्या (पुढे ही मर्यादा ६५ झाली) स्त्रियांना दरमहा १५०० रुपये, आणि त्यासाठी वर्षाचा खर्च सुमारे ४६,००० कोटी. एवढ्या मोठ्या योजनेचा विचार वर्षानुवर्षे चालला असेल, असे मानण्यास ह्या तारखा जागा ठेवीत नाहीत.

विरोधी पक्षांनी ह्यावर काय करावे? न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यशोधनासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे म्हणणे खोडीत राहावयाचे, ती वितंडा. महाविकास आघाडीने पहिले तीन-चार महिने वितंडाच केली. ही निवडणुकीपुरती युक्ती आहे, तिजोरी रिकामी होईल, राज्य कर्जात बुडेल, असे तिचे पुढारी गावोगाव सांगत होते. ह्यातील शंका खोट्या नव्हत्या. परंतु समोर बसलेल्या बाईला त्या भाषणातून ऐकू येत होते ते एवढेच की, तुझ्या हाती पडलेले पंधराशे रुपये हा राज्यावरचा भार आहे. तुला हे का मिळावे, कायद्याने का मिळावे आणि त्यासाठी पैसा कोठून यावा, हे तिला कोणीच सांगितले नाही. उलट निवडणुकीपूर्वी पाच हप्त्यांचे ७५०० रुपये तिच्या खात्यात जमा झालेले होते.

पुढे दिवाळीच्या सुमारास एक आठवडा असा आला की, दोन्ही बाजूंच्या बोलण्याचे अस्तर एकदम बाहेर आले. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी बंगळूरमध्ये काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे ह्यांनी आपल्याच मंडळींना जाहीरपणे बजावले की, पाच, सहा, दहा अशी आश्वासनांची संख्या वाढवीत बसू नका. अंदाजपत्रक पाहून जेवढे झेपेल तेवढेच सांगा, नाहीतर दिवाळखोरी ओढवेल. महाराष्ट्रातल्या सहकाऱ्यांनाही आपण हेच सांगितल्याचे ते म्हणाले. सबंध प्रचारात खरे अर्थशास्त्र बोलले गेले ते बहुधा एवढेच. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांनी ते उचलले. न पेलणारी वचने देणे सोपे आणि पाळणे कठीण, हे काँग्रेसला आता कळू लागले आहे, अशा अर्थाची टीका त्यांनी केली. ही टीकाही रास्तच होती.

पण ५ नोव्हेंबर रोजी, अंबाबाईच्या ह्या नगरीत, त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांनी महायुतीच्या प्रचारसभेत दहा वचने जाहीर केली. लाडक्या बहिणींना १५०० ऐवजी २१०० रुपये आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी ही त्यांतली ठळक. लगेच ६ नोव्हेंबर रोजी मुंबईत महाविकास आघाडीने पाच हम्या दिल्या. त्यांत स्त्रियांना दरमहा ३००० रुपये, मोफत बसप्रवास आणि तीन लाखांपर्यंतची कर्जमाफी होती. १० नोव्हेंबर रोजी, एकाच दिवशी आणि एकाच मुंबई शहरात, अमित शहा ह्यांच्या हस्ते २१०० रुपयांचे वचन असलेले संकल्पपत्र आणि खर्गे ह्यांच्याच हस्ते ३००० रुपयांचे वचन असलेला जाहीरनामा प्रकाशित झाला. ज्यांनी पंधराशेने तिजोरी रिकामी होते म्हटले, ते तीन हजारांवर गेले. आणि ज्यांनी देशाला रेवडीपासून सावध केले, ते एकवीसशेवर. दोघांनीही एकमेकांस एकच प्रश्न विचारला: 'पैसा कोठून आणणार?' आणि दोघांनीही त्याचे उत्तर दिले नाही.

आपल्या जिल्ह्याच्या माणसाला ह्यातील विसंगती समजण्यासाठी फार दूर जावयास नको. कागलहून निपाणीकडे निघाले की कोगनोळीच्या नाक्याशी राज्य बदलते. अलीकडे आणि पलीकडे मराठीच बोलली जाते, सोयरीक एकमेकांत, बाजारही एकमेकांचा. पण नाक्याच्या पलीकडे काँग्रेस सरकारने दिलेले दोन हजार हा भाजपच्या दृष्टीने उधळेपणा आणि काँग्रेसच्या दृष्टीने स्त्रीशक्तीचा गौरव. अलीकडे महायुतीने दिलेले पंधराशे हा भाजपच्या दृष्टीने स्त्रीशक्तीचा गौरव आणि काँग्रेसच्या दृष्टीने उधळेपणा. निपाणीला दिलेली लेक आणि कागलला आणलेली सून, दोघींच्या बाबतीत दोन्ही पक्षांची अर्थनीती त्या नाक्यावर पागोटे बदलावे तशी बदलते. मग ह्या दोघी भाषणे ऐकून काय निष्कर्ष काढतील? एवढाच, की हे सर्व बोलणे हंगामी आहे. खात्यात पडेल ते खरे. २३ नोव्हेंबर रोजी निकाल लागला तेव्हा २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यात, जेथे पाच महिन्यांपूर्वीच काँग्रेसचा खासदार निवडून आला होता, त्या पक्षाला विधानसभेची एकही जागा मिळाली नाही. निकालाची इतर कारणेही होती. तथापि, ज्याने हातावर ठेवले त्याच्यावर, नुसते तोंडाने दुप्पट देणाऱ्यापेक्षा अधिक विश्वास बसावा, हे मनुष्यस्वभावास धरूनच झाले.

आता जे गणित कोणीच फळ्यावर मांडले नाही, ते आपण मांडू. लाभार्थी स्त्रिया सुमारे २ कोटी ४० लाख धरल्या, तर १५०० रुपयांप्रमाणे वर्षाला ४३,२०० कोटी होतात. २१०० प्रमाणे ६०,४८० कोटी. आणि ३००० प्रमाणे ८६,४०० कोटी. राज्याचा २०२५-२६ चा एकूण अंदाजित खर्च सुमारे सात लाख कोटींचा होता. म्हणजे राज्याच्या प्रत्येक रुपयातून पहिल्या हिशेबाने सहा पैसे, दुसऱ्याने साडेआठ आणि तिसऱ्याने बारा पैसे ह्या एकाच कामी जावयाचे. ते जाऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. पण सहाचे बारा करणाराने उरलेल्या चौऱ्याण्णव पैशांतील कोणते सहा कमी करणार, रस्त्यांचे, शाळांचे की दवाखान्यांचे, हे सांगावयास नको काय? आपल्या घरात वहिनींनी नवा खर्च सुचविला तर अण्णा पहिला प्रश्न हाच विचारतात. तो कंजूषपणा नव्हे. दहा माणसांचे घर त्यावाचून चालत नाही.

उत्तर न दिल्याचा परिणाम लवकरच दिसला. १० मार्च २०२५ रोजी नव्या सरकारचे अंदाजपत्रक मांडले गेले. त्यात २१०० रुपयांची तरतूद नव्हती. उलट योजनेसाठी आदल्या वर्षी जाहीर झालेल्या ४६,००० कोटींच्या ठिकाणी ३६,००० कोटी होते. महसुली तूट सुमारे ४६,००० कोटींची आणि राज्यावरील कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. घर बांधण्यासाठी कर्ज काढणे वेगळे आणि महिन्याच्या वाणसामानासाठी काढणे वेगळे. महसुली तूट म्हणजे दुसरा प्रकार, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. त्याच महिन्याच्या अखेरीस अजित पवार ह्यांनी बारामतीत शेतकऱ्यांना सांगितले की, पीककर्ज ३१ मार्चपूर्वी भरून टाका. कर्जमाफी देण्यासारखी सध्या स्थिती नाही. हे स्पष्ट बोलणे मला आवडले. मात्र जी स्थिती मार्चात दिसली, ती नोव्हेंबरात कोल्हापूरच्या सभेत दिसत नव्हती, असे समजणे कठीण आहे. मे महिन्यात तर सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ह्या योजनेकडे वळविल्याचे प्रकरण निघाले आणि खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट ह्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. एका बहिणीच्या ताटातले काढून दुसरीला वाढावयाचे, तर पहिलीला ते सांगितले तरी पाहिजे.

परंतु पैशाहून अधिक नुकसान शब्दाने केले आहे. सरकारने ह्या रकमेस 'ओवाळणी' म्हटले आणि स्वतःस भाऊ म्हणवून घेतले. नाते ही आपल्या समाजातील मोठी गोष्ट आहे. ती जाहिरातीच्या फलकावर लावली की तिचे नियमही लागू होतात. भाऊबीजेला तबकात घातलेले भाऊ मोजून पाहत नाही आणि परत मागत नाही. निवडणुकीपूर्वी अर्ज भराभर मंजूर झाले. छाननी निवडणुकीनंतर झाली. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे ह्यांनी सांगितले की, सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळल्याने जूनपासून त्यांचे पैसे थांबविण्यात आले आहेत. त्यांत काही पुरुषही निघाले! छाननी योग्यच, ती आधी व्हावयास हवी होती. आमच्या गल्लीत दोन-तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी मला त्या दिवसांत विचारले, "मास्तर, ओवाळनी म्हनत्यात न्हवं? मग तिची तपासनी कशापायी?" नियम ठाऊक असूनही मला नीट उत्तर देता येईना, कारण प्रश्न नियमाचा नव्हताच, शब्दाचा होता.

आणि नात्याच्या भाषेची दुसरी बाजू तर ऐन प्रचारात कोल्हापुरानेच पाहिली. राज्यसभेचे सदस्य धनंजय महाडिक ह्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये येथील एका सभेत सांगितले की, पंधराशे रुपये घेणाऱ्या स्त्रिया काँग्रेसच्या सभेत, फेरीत दिसल्या तर त्यांची छायाचित्रे काढून द्या, आपण त्यांची व्यवस्था करू. गदारोळ झाला, गुन्हा नोंदला गेला आणि त्यांनी माफीही मागितली. व्यक्तीचा दोष माफीबरोबर संपला असे आपण धरू; पण विचाराचा दोष संपत नाही. नागरिकाचा पैसा ही भावाची ओवाळणी ठरली की, बहिणीने भावाच्या मर्जीत राहावे ही अपेक्षा मागोमाग येतेच. 'रेवडी' शब्द त्या स्त्रीला भिकारी ठरवितो आणि 'ओवाळणी' शब्द तिला मिंधी करतो. ती खरोखर जी आहे ती, म्हणजे ह्या राज्याची नागरिक आणि साबण, तेल विकत घेताना प्रत्येक वेळी कर भरणारी, असे म्हणणारा शब्द दोघांच्याही कोशात नव्हता.

येथे सुज्ञ वाचक मनात म्हणत असतील की, हे फुकटचे देणे मुळातच वाईट. त्याने लोक आळशी होतात. दिवसाला पन्नास रुपये मिळाल्याने कोण आळशी होईल, हे मला कळत नाही. पण त्याआधी आपल्याच घरचा पर्यायकोश तपासू. १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन ह्यांनी नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही असे जाहीर केले, आणि त्यामुळे सरकार सुमारे एक लाख कोटींच्या प्रत्यक्ष कराला मुकेल असेही सांगितले. त्या संध्याकाळी आपल्यासारख्या कित्येक घरांत आनंद झाला. रेवडी म्हणून ते कोणी नाकारले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर कमी झाला तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सुटेल असा सरकारचाच अंदाज होता. त्यास 'प्रोत्साहन' म्हणतात. आपल्या भागातील सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जाला सरकार जामीन राहते. त्यास 'थकहमी' म्हणतात. आपल्याच कमाईतले आपणास राखू देणे आणि तिजोरीतून काढून देणे ह्यांत भेद आहे, हे मी जाणतो. तथापि तिजोरीला पडणारे छिद्र दोहोंकडून सारखेच पडते, आणि ते कोणी भरून काढावयाचे हा प्रश्नही सारखाच उरतो. सवलतीच्या वेळी गप्प बसणाऱ्या घराने ओवाळणीच्या वेळी नीतिशास्त्र सांगू नये.

मग गरिबाला द्यावयाचे आणि हिशेबही सांगावयाचा, अशी रीत असूच शकत नाही काय? असू शकते, महाराष्ट्रानेच ती घालून दिली आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे शेजारच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे. त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याआधीच, १९७५ साली, तिच्या खर्चासाठी व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला. शहरातल्या नोकरदाराच्या वेतनातून दरमहा थोडी रक्कम कापून घ्यावयाची, सरकारने तेवढीच आपली भर घालावयाची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. आमच्या वेतनचिठ्ठीवर ती वजावट दर महिन्यास दिसे. ती पाहून शिक्षकांच्या खोलीत कुरकूर होई, हे खरे. पण पैसा कोणाचा आणि कोणासाठी, हे प्रत्येकास ठाऊक होते. योजनेत हजेरीपटावरची खोटी नावे वगैरे दोष पुढे शिरले. तरीही घेणारा काम करून हक्काने घेत होता, देणाऱ्याला आपण देतो आहोत हे माहीत होते, आणि मध्ये कोणी भाऊ म्हणून तबक घेऊन उभा नव्हता. २००५ साली झालेल्या देशव्यापी रोजगार कायद्याला ह्याच अनुभवाचा आधार होता.

तर्कशास्त्राचा अभ्यास केलेल्यांना अनुमानाची पाच अंगे आठवत असतील: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा; पण तेवढे म्हणून कोणी खाली बसत नाही. 'कारण तेथे धूर आहे' हा हेतु सांगावाच लागतो. आमचे पक्ष प्रतिज्ञा करून खाली बसतात आणि आपण टाळ्या वाजवितो, हाच सांप्रतच्या अर्थचर्चेचा मुख्य रोग आहे. आणि त्यात बोलणाराइतकाच ऐकणाराही दोषी आहे. निवडणुका येतच राहणार. पुढील खेपेस प्रचारक दारात आले म्हणजे त्यांना बसावयास सांगावे, चहा द्यावा, आणि घरातील सर्वांच्या देखत, सुनांच्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्याही देखत, नम्रपणे तीन प्रश्न विचारावे. हे वचन पाळण्यास वर्षाला किती लागतील? ते कोणत्या नव्या करातून येतील, किंवा कोणता जुना खर्च कमी करून येतील? आणि हेच वचन दुसऱ्या पक्षाने, दुसऱ्या राज्यात दिले तेव्हा आपण त्यास काय म्हटले होते? उत्तर बहुधा मिळणार नाही. पण चार घरांत हेच विचारले गेले, तर पाचव्या घरी जाताना ते कागदावर काही आकडे मांडून आणतील, अशी आशा करावयास हरकत नाही.